सुगंधाबाईचे पोट्टे

भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघं बसले होते. एकाच्या मांडीवर ढोलक होती.

“प्रणित, वकील काय म्हणते?”

“मोहसीन, आपल्या बँडचं नाव चंचलनं पुण्यात एकट्याच्या नावानं रजिस्टर केलं. आता ‘सुगंधाबाईचे पोट्टे’ म्हणून आपल्याले गाता येत नाई.”

“अरे, पण सुगंधाबाई तर तुयी माय आहे.”

“माय घरात माही. स्टेजवर त्याची.”

“मंग कोर्टात जाऊ ना.”

“वकील म्हणते, आपण पहिलेपासून त्याच नावानं गाऊन राह्यलो, जिंकू शकतो. पण मायच नाई म्हणते.”

“काऊन?”

“म्हणते, तू, मोहसीन, चंचल, तिघंही माह्याच घरी गाणं बसवत होते, माह्याच हातचं जेवत होते. माह्या नावासाठी त्याले कोर्टात उभं करू नको.”

“त्यानं काय केलं, तिले समजलं तरी का?”

“सांगितलं. मंग मोबाइलवर त्याचं नवीन गाणं दाखवलं. मागं चार नवे पोरं वाजवून राह्यले होते. तिनं पूर्ण पाह्यलं.”

“काही बोलली?”

“म्हणे, चंचल बारीक झाला. आन् हे बाकीचे पोट्टे कोणाचे होत रे?”