गप उभं ऱ्हायचा अर्ज

(पोलीस ठाणं, सकाळची वेळ. काशप्पा टेबलापुढं उभा. त्याचा मेव्हणा नागेंद्र आणि फौजदार खुर्चीवर.)

काशप्पा : ...आन् फोनवर तू म्हणालास, "अक्काला बरं न्हाई, निघून या." मी उदगीरच्या बाजारात. संध्याकाळी दारात आलो तर माझ्या मल्लेश्वरीला भिंतीला टेकवून बसवलेली. कपाळाला भस्म, गळ्यात हार. लांबनं मला वाटलं, बरी झाली, उठून बसली.

नागेंद्र : आपल्यात मयताला बसवूनच नेतात, दाजी. त्यात माझं काय चुकलं?

फौजदार : ए, ते रडगाणं बाहेर. अर्ज कशाचा हाय ते बोल.

काशप्पा : परवा मंत्री बसवकल्याणला यायलाय. त्याच्या भाषणात मला गप उभं ऱ्हायचंय. घोषणा न्हाई, दगड न्हाई. वकील म्हणाला, हक्क हाय तुझा, पण परवानगीचा कागद घे.

फौजदार : गप ऱ्हायचा अर्ज! माझ्या बायकोकडनं एकदा घ्यायला पायजे.

नागेंद्र : हां साहेब, हां!

काशप्पा : हस तू. साप चावून तीन घंटे तुझी अक्का दवाखान्याच्या बाकड्यावर पडली. डॉक्टर, ॲम्बुलन्स, सापाची सुई, सगळं मन्नाएखेळ्ळीच्या सभेला, मंत्र्याच्या स्टेजमागं. मंत्र्याला साप चावला नव्हता. आन् तू तिथंच खुर्च्या मांडत होतास.

फौजदार : मग गेल्या सोमवारी त्याच मंत्र्याचा सत्कार कामून केलास? हा बघ पेपर. "मंठाळच्या शेतकऱ्याकडून घोंगडी घालून सत्कार." किती छान हसायलाय मंत्री.

काशप्पा : सत्कार न्हाई केला. सभेच्या गेटवर तुमच्या पोलिसांनी काळं दिसंल ते काढून घेतलं. रुमाल, छत्र्या, एका म्हाताऱ्याच्या अंगातला सदरासुद्धा. माझ्या खांद्यावर काळी घोंगडी. पोलीस म्हणाला, "सत्काराची असंल, जाऊ दे." मंत्री बोलला, आमच्या राज्यात औषधावाचून कुणी मरत न्हाई. तवा मी उठलो. घोंगडी दोन्ही हातांवर धरून उभा ऱ्हायलो.

फौजदार : मग?

काशप्पा : ह्यानं माझा दंड धरला, स्टेजवर वढत नेलं आन् माइकवर वरडला, "आमचे दाजी मंत्रीसाहेबांचा सत्कार करतील!"

नागेंद्र : वाचवलं तुमाला! दोन पोलीस लाठ्या घेऊन निघाले होते.

काशप्पा : मी कामून उठलो, तुला ठावं होतं.

नागेंद्र : व्हय, होतं. सभा माझ्या अंगावर होती. माझ्याच घरचा माणूस काळं दाखवतोय म्हणल्यावर जिल्हा पंचायतीचं तिकीट मला कोण देणार? आन् माइक तुमच्या तोंडापुढं होता की. न्हाई म्हणायचं.

काशप्पा : तोंड उघडणार न्हाई, अशी शपथ घेऊन गेलो होतो. तिच्या समाधीवर हात ठेवून.

नागेंद्र : मग! तुमी गप, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय करू?

काशप्पा : घोंगडी तरी आणून दे. शेजाऱ्यांनी तिला त्यातच गुंडाळून दवाखान्यात नेली होती.

नागेंद्र : ती आता कुठली? सत्काराचं सामान ड्रायव्हर लोक घेतात. हुमनाबादच्या रोडला टायर फुटलं, तवा खाली अंथरली म्हणं.

फौजदार : बास. देतो परवानगी. जागा, बाजार समितीच्या मागचं मैदान. सकाळी नऊ ते सांजच्या सहा. पोटभर उभा ऱ्हा.

काशप्पा : सभा किल्ल्याकडं हाय, साहेब. तिथनं मी मंत्र्याला दिसत न्हाई.

फौजदार : उभं ऱ्हायचा हक्क हाय. दिसायचा न्हाई.

नागेंद्र : घ्या दाजी, कागद घ्या. अक्का असती तर घ्या म्हणाली असती.

काशप्पा : अक्का असती तर मी इथं आलो असतो का?

फौजदार : आन् किल्ल्याकडं दिसलास तर डोकं फिरलंय म्हणून उचलून वेड्यांच्या दवाखान्यात टाकतो. बायको मेल्यावर फिरतंच. घरच्या माणसाची एक सही लागती, बास. करशील न्हवं, नागेंद्र?

नागेंद्र : ...पेन हाय का, साहेब?

काशप्पा : कर सही. सोमवारी सत्कार झाला, मंत्र्यापुढं मी अजून उभा ऱ्हायलो न्हाई. परवा किल्ल्याकडं ऱ्हाणार.