मायचं इन्सुलिन आन् बर्फाचा डबा

आमच्या बाबासारखा बर्फाचा डबा कोनी तपासून घेतला नसंल. ऐन उन्हाळ्यात जीपनं दोन दिवस देवाले जायचं ठरलं, आन् मायचं इन्सुलिन थंड कसं राहीन याचा बाबाच्या जीवाले घोर लागला. शेलूबाजारच्या दुकानात ते सगळ्यात मोठ्या डब्यावर आधी सोता उभे राह्यले, मंग मले उभं केलं. डबा दबला नाही. घरी आणून बर्फ भरून पाह्यला, तं संध्याकाळपर्यंत सगळं पाणी. बाबा तसाच डबा उचलून दुकानात गेले.

दुकानदारानं इचारलं, "काका, दिवसभरात किती खेपा उघडला?"

"दर धा मिनिटाले. बर्फ हाये का गेला, पाहा लागते ना."

"उघडूच नका, काका. मंग दोन दिवस काई होत नाही."

निघालो त्या दिवशी बाबा जीपमध्ये डब्यावरच बसले. कोनाले हात लावू देत नव्हते. दुपारी जेवाले थांबलो, तं माय म्हणे, "अवो, उठा, माह्या सुईची येळ झाली."

बाबा जागचे हालले नाही. म्हणे, "थांब वं. आता उघडला तं बर्फ वितळंल."