दातांच्या दवाखान्यातला मामा

...आणि वर मलाच दरडावतात, "पालक कुठेत?" अहो, मी कुलुपं विकणारा माणूस, मला काय विचारता!

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ त्या फोनचा. आमच्या दुकानाच्या वर शिवणकारखान्यातली एक बाई राहते. तिची लेक चौथीत, दाढ किडून गाल असा टम्म, की डावीकडून एक मुलगी आणि उजवीकडून दुसरीच! शाळेच्या तपासणीत नाव निघालं, उपचार फुकट, आईची सही झाली, सगळं छान... पण दवाखाना वेळ देणार भर दुपारची, आणि सकाळी फोन करून विचारणार, "येताय ना?" कारखान्यात शिरताना फोन गेटवर जमा! उत्तर कोण देणार, वॉचमन? दोन खेपा हुकल्या. तिसरी हुकली की नाव कट. वर शेरा काय, तर 'पालक निष्काळजी'! आणि बंगल्यातल्या पोरांच्या आया? गाडीतूनच लाडिक आवाजात, "आज की नाही, पोहण्याचा क्लास आहे, उद्या आणू?" "आणा की मॅडम, कधीही!" वा रे वा!

शेवटी त्या माउलीनं नंबर दिला माझ्या दुकानाचा. फोन वाजला, समोर गिऱ्हाईक, दारात पोर गाल धरून... काय करता? "आणतो" म्हटलं, आणि दुपारी ओढलं शटर! मी, कुलुपं विकणारा माणूस, खांद्यावर गुलाबी दप्तर!

काउंटरवरच्या बाई म्हणतात, "घरचं माणूस हवं. तुम्ही कोण?" मी आपला आ वासून उभा, जणू मलाच तपासायचंय. तेवढ्यात ही चिमुरडी सुजल्या तोंडानं ठणकावते, "मामा आहे माझा!" संपलं! बसली खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, "पक्की दाढ आहे, आणखी उशीर झाला असता तर काढावीच लागली असती." संध्याकाळी हे ऐकून तिची आई जिन्यातच लेकीला कवटाळते, आणि मला म्हणते, "दादा..."

त्या 'दादा'नं घात केला हो! चार दिवसांत सगळ्या शिलाई मशिनींवर माझा नंबर फिरला. मी गिऱ्हाइकाला किल्ली दाखवतोय आणि फोनवर, "तुमच्या भाच्याला आणताय ना?" कोणता भाचा? अहो, मी कुलुपं विकणारा माणूस!

काल रांगेनं पाच पोरं नेली. "मामा, सुई टोचणार?" "मामा, हा ढकलतोय!" "मामा, शू!" काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं सांगा, बहिणी तरी किती हो तुम्हाला?"

म्हटलं, "बाई, आत्ताच कसं सांगू? शिफ्ट सुटू द्या, मग आकडा कळेल!"