वरची चिमूट

…न्हाई साहेब, त्या काचंच्या पेटीला हात लावू नका. तराजू हाय तो, श्वासानंबी हलतो. बाई जेवून येस्तवर बसा तितं स्टुलावर, काय इचारायचं ते मला इचारा — मी हौशीराम, ह्या बंगल्याचा राखनदार. राखनदार आत्ता, बरं का. तळेगावच्या बाजारात चाळीस वर्षं मापाडी हुतो, भात मोजायचो. पहिल्या मापाला आमी एक म्हनत न्हाई, लाभ म्हनतो. लाभ, दोन, तीन — आन दर मापावर वरची एक चिमूट. ओतताना सांडतंच की काई, त्याची भरपाई. हौशीरामाचं माप कमी भरलं असं म्हननारा अजून जन्मला न्हाई. लिवा हे.

हितं काय चालतं? मुंबईहून तपासायला आलात आन तुमालाच ठावं न्हाई? — ठावं हाय, माज्या तोंडून ऐकायचंय. ऐका मग. गोरा साहेब गेला, वरीसभर बंगला रिकामा, मग लोनावळ्याची हवा बरी म्हनून तुमच्या कालेजानं घेतला — मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात तराजू गंजतो म्हनं. हितं गंजत न्हाई, बुरशी धरतो. सा महिन्यामागं पद्मजाबाई आल्या. युरेनियम म्हनून एक पिवळं मीठ हाय, त्याचा कन फुटतो, दोन तुकडं हुत्यात. भात भरडलं की तांदूळ किती, कनी किती, तसं — शंभर कन फुटलं तर बेरियमचं तुकडं किती, येवढंच काडायचं. पर ते तुकडं डोळ्याला दिसत न्हाईत. म्हनून बाई त्यात साधं बेरियम घालत्यात, तोलून — दिसनाऱ्याच्या पाठीवर बसून न दिसनारं येतं. मग गंधकाचं आंबट पानी वतायचं, पांढरा साका खाली बसतो, तो गाळायचा, वाळवायचा, परत तोलायचा, आन त्या टकटक करनाऱ्या यंत्राखाली ठिवायचा. जितकं गाळताना गेलं, तितकी टकटक वाढवून लिवायची. किती जातं? वीस घातलं की सोळा परत येतं, कवा पंधरा. वीस मिलिग्राम म्हंजे काय, भाताच्या एका दान्यायेवढं. आन बाई हसत इचारायच्या, “हौशीराम, चार कुठं गेले?” मला. आमच्या बाजारात असं हसत इचारलं की मापाडी माप खाली ठिवून घरी जातो.

पुढं? पुढं पुरं भराया लागलं. दोन महिनं झालं, एक दिस कमी न्हाई. बाईनी पेढं वाटलं — हात बसला माजा, म्हनाल्या. व्हय, रोज वीस. रोज. वही बगा की.

काय? रोज पुरं भरतं, म्हनूनच आलात? — असं कुनाचंच भरत न्हाई? मग बाई आकडं खुर्चीत बसून लिवत्यात, असं म्हननं हाय तुमचं? त्यांना काडनार? साहेब, मी शिकल्याला मानूस न्हाई, पर तोंड सांभाळून बोला. त्या बाईनं एक रेघ खोटी वडली न्हाई. ठावं हाय मला. कसं? — कसं म्हंजे, मीच भरतो की. त्या जेवाया जात्यात, साका भट्टीत वाळत असतो. मी काडतो, एका पारड्यात पुऱ्या मापाची वजनं, दुसऱ्यात साका, आन काटा मधी येस्तवर वरची चिमूट. रांगोळीची. कारभारनीनं वस्त्रगाळ केल्याली, फरक वळखून दावा. मग परत भट्टीत. बाईच्या मापात उनं कसं ऱ्हाऊ देईन मी?

पेन का थांबलं?

बोला की. — हां. — म्हंजे काईच गेलं न्हाई असं बाईनी धरलं… म्हनून टकटक वाढवली न्हाई… शंभरात सा निघायचं ते पाचाच्या खाली आलं. बाकी समद्या जागी निघतं त्यापरीस कमी. — थांबा. म्हंजे भातात खडं मिसळून माप भरलं, असं म्हनताय तुमी. मला.

न्हाई, पानी नको.

आजचा साका भट्टीतच हाय. तुमी आलात म्हनून आज चिमूट पडली न्हाई. उठू नका, मी काडतो. — श्वास धरा. — हे पुऱ्या मापाचं पारडं. हा साका. काटा बगा. मी न्हाई बगत, तुमी बगा. — आता वजनं उतरवतो. आनखी एक. — हां. आता आला मधी.

लिवा. लाभ. सोळा. — कमी भरलं. हौशीरामाचं माप कमी भरलं, असं लिवा, खाली सही येती मला. बाईचा हात खरा हाय, तेबी लिवा. लिवलं?

मग भाईर बसा. बाई आल्या की तुमीच सांगा. मला तराजू पुसायचा हाय.