मासा विचारून गळाला लागतो का?

...तरीपण मॅडम, माझं म्हणणं अजून तेच आहे. फिशपाँड कायमचा बंद करायला नको होता. सहा वर्षं झाली, दर दिवाळीला फोनवर आपण यावरच भांडतो, आणि दर दिवाळीला शेवटी तुम्ही विचारता, "ज्ञानू, फराळ झाला का?" याला उत्तर म्हणत नाहीत.

बरं, आधी रीत. आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव माननीय लालासाहेब, व्यासपीठावरचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावर खुर्ची कमी पडली म्हणून पहिल्या रांगेत बसलेले माजी प्राचार्य, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आदरणीय क्षमा मॅडम, मलकापुरातले पालक, मागच्या दाराशी उभं राहून जेवणाचा वास घेणारे विद्यार्थी मित्र, आणि तो वास जिच्यामुळं येतोय ती आपली चंद्राबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी ज्ञानू, म्हसवडचा. सध्या केरळात त्रिशूरला गलाईच्या दुकानात असतो. जुना दागिना वितळवून सोनं चोख करायचं, हे काम. शेठ म्हणाले, या महिन्यात एक तर रजा घे नाहीतर पगार घे. म्हणून मी आलो नाही, भाषण आलं. ते वाचतायत क्रांतीताई. याच कॉलेजात शिकल्या आणि आता इथंच तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतात. त्यांच्या तोंडून 'मी' आला की तो मी समजायचा, ताई नव्हे.

या भाषणात ज्यांची नावं येतात त्यांना आधी विचारलं आहे. क्रांतीताईंना सगळ्यात आधी. त्यांनी चार दिवस घेतले, दोन वाक्यं खोडली आणि "वाचते" म्हणून कळवलं. कुठली दोन, ते मला विचारू नका. लालासाहेबांनाही ताईंनी विचारलं. ते "बघू" म्हणाले. मॅडमच्या शिकवणीप्रमाणं 'बघू' म्हणजे 'हो' नव्हे. त्यामुळं निमंत्रण पत्रिकेत छापलंय त्यापलीकडं साहेबांविषयी मी एक अक्षर बोलणार नाही.

आता मूळ मुद्दा. मी अकरावीत दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठलो. मग चंद्राबाईच्या कँटीनात कपबश्या विसळायला लागलो. पण देवानं आवाज दिलेला. सिद्धनाथाच्या यात्रेत कुस्त्यांचं निवेदन मी करायचो. लाऊडस्पीकर बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही. म्हणून गॅदरिंगला फिशपाँड वाचायचा मान, विद्यार्थी नसतानाही, माझा.

पाहुण्यांसाठी सांगतो. फिशपाँड म्हणजे कुणीतरी स्वतःचं नाव न घालता दुसऱ्यावर दोन ओळी लिहायच्या, चिठ्ठी डब्यात टाकायची, आणि भर सभेत मी ती ताणून ताणून वाचायची. ज्याच्यावर पडला त्यानं हसायचं. हसला नाही तर त्याला चेष्टा कळत नाही. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पोरींवर. सगळ्यात जास्त हसू पोरांचं. हे गणित मला तेव्हा दिसलं नाही. अकरावीत दोनदा बसलेल्या माणसाला गणित कुठून दिसणार?

मग एका साली मॅडम कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष झाल्या. गल्लीगल्लीत फ्लेक्स लागावेत तसे व्हरांड्यात फलक लागले. पाठलाग करणं, नको असताना हात लावणं, नको असताना मेसेज पाठवणं, अंगावरून शेरे मारणं, हे सगळं गैरवर्तन. पोरांनी पहिल्याच दिवशी फलकावरच्या बाईला मिशा काढल्या. मॅडमनी फलक बदलला नाही. म्हणाल्या, राहू द्या, नियम मिशावाल्यांनाच लागू आहे.

मग सभागृहात मॅडमचं व्याख्यान झालं. विषय, संमती. एकानं मागून विचारलं, मॅडम, हात धरायच्या आधी अर्ज द्यायचा का? मॅडम म्हणाल्या, अर्ज कशाला, देवानं तोंड दिलंय. दुसऱ्यानं विचारलं, ती गप्प बसली तर? गप्प म्हणजे नाही. तिसरा म्हणाला, काल हो म्हणाली आन आज नाही म्हणाली तर? मॅडम म्हणाल्या, काल जेवलास म्हणून आज तुला न विचारता ताटात वाढलं तर चालेल का? तो म्हणाला, चालेल. तो विश्वजीत होता, आपला पैलवान. नावासाठी त्याचीही परवानगी आहे.

इथपर्यंत मीही हसत होतो. गॅदरिंगच्या आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, फिशपाँड वाच, पण ज्याच्यावर आहे त्याला आधी चिठ्ठी दाखवायची. तो हो म्हणाला तरच वाचायची.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हणालो, "मॅडम, मासा विचारून गळाला लागतो का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही लागत. म्हणून विचारायचं. ती माणसं आहेत."

झालं. मी डबा काखेत मारून वसुलीला निघाल्यासारखा कॉलेजभर हिंडलो. पोरी मला लांबून बघून वाट बदलायच्या. ज्या सापडल्या त्यांनी चिठ्ठी वाचून मान हलवली, आडवी. विश्वजीतवर एक चिठ्ठी होती, की हा फक्त आईला भितो. एवढा नव्वद किलोचा गडी, म्हणाला, "ज्ञानू, आईचं नाव घालू नगं रं." प्राचार्यांना चिठ्ठी दाखवली, ती त्यांनी वाचून खिशात घातली. ती अजून खिशातच आहे.

आणि एक चिठ्ठी क्रांतीताईंवर होती. त्यात काय होतं ते सांगत नाही. त्या वेळी विचारलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या होत्या, आणि ते 'नाही' अजून चालू आहे.

लायब्ररीच्या पायरीवर त्यांनी ती वाचली, घडी घातली, माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "न्हाई. तीन साल हीच ओळ पडतीया दादा. दोन साल तूच वाचलीस. विचारतोयस आज."

मी म्हणालो, "तवा तर तुमी हसला व्हता की."

"मग काय करू? पाचशे माणसांत रडू?"

मग कळलं ते असं. मी स्टेजवर वाचायचो आणि खाली बसायचो. ती ओळ मात्र ताईंबरोबर एसटी स्टँडपर्यंत जायची. उदयसिंह नावाचा पोरगा ती ओळ म्हणत मागं यायचा, रात्री मोबाइलवर पाठवायचा. ताईंचे वडील फौजेत, लांब. आई म्हणाली होती, यंदा सभेत परत नाव निघालं तर कॉलेज बंद आणि मामानं आणलेलं स्थळ पक्कं. परीक्षेला दोन महिने राहिले होते. म्हणजे ताईंची पदवी माझ्या नरड्यात अडकली होती.

उदयसिंहलाही या भाषणासाठी विचारलंय. म्हणाला, "नाव घी, आडनाव नगं. आन शिक्षा झालेली बी सांग, न्हाईतर लोकास्नी वाटंल सुटलो."

गॅदरिंगचा दिवस. सभागृह भरलेलं. पोरं आधीपासून ओरडतायत, क्रांतीची वाच, क्रांतीची वाच. मी माइकवर सांगितलं, विचारलं, ती नाही म्हणाली. असा गोंगाट झाला की सिद्धनाथाच्या यात्रेत झाला नसेल. उदयसिंह बाकावर उभा राहिला. "लाजून न्हाई म्हणाली आसंल रं. परत विचार."

मी म्हणालो, "गड्या, पाठ लागल्यावर कुस्ती परत लावत्यात व्हय?"

माझ्या आयुष्यातलं हे एकच वाक्य मी आधी पाठ न करता बोललो. हॉल त्याच्यावर हसला. त्याला चेष्टा कळली नाही.

पण आता वाचायला चिठ्ठी कुठली? सगळ्या कॉलेजात एकटी चंद्राबाई हो म्हणाली होती, तीही उत्तर तिथल्या तिथं देणार या अटीवर. मी वाचलं, कँटीनच्या चहात दूध शोधायला पाणबुड्या पाठवा. लगेच चंद्राबाई पदर खोचून स्टेजवर, माइक माझ्या हातातून काढून घेतलेला. "ज्यानं ल्हिवलंय त्याला दूध दिसंना व्हय? आन साखरंचं चार चमचं कसं दिसत्यात?" सांगतो मॅडम, इतका हशा पिकलेला मी कधी ऐकला नव्हता. आणि घरी जाताना कुणाची मान खाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्रांतीताई समितीकडं गेल्या. त्याच पायरीवरनं, माझ्यासमोरनं. दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. मधे एक गृहस्थ पांढऱ्या गाडीतून मॅडमना भेटायला आले. उदयसिंहचे चुलते लागतात. 'बघू' म्हणाल्यामुळं नाव घेत नाही. क्रांतीताईंनीही हे वाचताना व्यासपीठाकडं बघू नये. गृहस्थ म्हणाले, पोरगं चांगल्या घरचं आहे. मॅडम म्हणाल्या, "मुलगीपण चांगल्या घरचीच आहे. चहा घेणार?" चहा मीच नेला होता म्हणून मला माहीत. उदयसिंह एक सत्र कॉलेजबाहेर राहिला, लेखी माफी दिली, ताईंच्या वाटेला परत गेला नाही. ताई पदवीधर झाल्या. मामाचं स्थळ अजून दुसरी मुलगी शोधतंय.

पण पुढच्या साली संस्थेनं ठराव केला, कटकटच नको, फिशपाँड बंद. आणि मॅडम, तुम्ही त्यावर गप्प बसलात. तुमच्याच शिकवणीनं गप्प म्हणजे ठरावाला नाही, म्हणून मी अजून आशा सोडलेली नाही. तुम्ही म्हणता, एकटी चंद्राबाई हो म्हणते तर ठेवायचा कशाला? मी म्हणतो, त्या ओळी बंद झाल्या का? आता त्या मोबाइलच्या ग्रुपवर फिरतात, आणि तिथं डबा काखेत मारून विचारत हिंडायला कुणी ज्ञानू नाही.

आमच्या दुकानात पाटली मुशीत टाकायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतात, रोजचं गिऱ्हाईक असलं तरी. एकदा वितळली की चुकून टाकली म्हणून पाटली परत होत नाही. शेठनी हे पहिल्या दिवशी शिकवलं तेव्हा मी म्हणालो, हे मला येतं. कुठं शिकलास म्हणाले. म्हणालो, मलकापूरला, कॉलेजात. खोटं नाही बोललो.

क्षमा मॅडम, निवृत्तीनंतर तब्येत जपा, आणि दिवाळीचा फोन उचलत राहा. अध्यक्ष महाराजांनी मला एवढा वेळ दिला, सभेनं पोटात भूक असून ऐकून घेतलं, क्रांतीताईंनी माझं बोलणं स्वतःच्या तोंडून ऐकवलं, मी ऋणी आहे. अडाणी माणसाकडून काही कमीजास्त गेलं असेल तर पदरात घ्यावं.

एकच मागणं. फिशपाँड विचारून वाचायच्या अटीवर परत सुरू करावा, आणि ज्याच्यावर पडला त्यानं उत्तर झकास दिलं तर त्याला चंद्राबाईच्या नावानं बक्षीस द्यावं. चंद्राबाईला विचारलंय. हो म्हणाली, फक्त चहाचा विषय काढू नको म्हणाली, तो मगाशीच निघाला. आता क्रांतीताईंनी थांबून मॅडमना विचारावं. नाही म्हणाल्या तर परत विचारू नये, कागद मिटवून खाली बसावं. हो म्हणाल्या तरच पुढची ओळ वाचावी.

बक्षिसासाठी पाठवतोय, रुपये पाच हजार एक.