जास्तीची रात्र

– नाही, हसण्यावारी नेऊ नका, बाई. बाथरूमचा दरवाजा किती रुंद आहे ते तुमच्या तोंडून ऐकून मी परत जाणार नाही, वर जाऊन बघणार. हा वॉकर त्यासाठीच घेऊन आलोय – माझा नव्हे हो, मी ठणठणीत आहे, आमच्या हिचा. खुब्याचं हाड मोडलं होतं तिचं. आता चालते, पण आधार लागतो. हा दारातून आत गेला तर खोली पास, नाहीतर दुसरी दाखवा. ‘सगळ्या खोल्यांचे दरवाजे रुंद आहेत’ म्हणे! सगळ्या! अख्खी हयात बातमीदारीत गेली माझी. समोरचा ‘सगळे’ म्हणाला की मी पेनाचं टोपण काढायचो. पुन्हा हसलात. हसा.

बुकिंग चिरंजिवांच्या नावावर आहे बघा, पुढच्या आठवड्यातलं. दोन रात्री तुमच्या हॉटेलात, मग बंदरावरून जहाज. हो, क्रूझ. दोघंच. अभिनंदन कसलं करताय? मी मागितली होती का ही क्रूझ? मुलानं आणि सुनेनं परस्पर ठरवलं – बाबा, आईला हवापालट होईल, तुम्ही फक्त बॅग भरा. आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बातमीदाराला कुणी फुकटात फिरवून आणत नाही. कारखानदार विमानाचं तिकीट पाठवायचे, मंत्री गाडी पाठवायचे – आणि दर वेळी गेलेले परत येईपर्यंत मागे काहीतरी उरकलेलं असायचं. मी एकदाही गेलो नाही. एकदाही! आणि आता म्हातारपणी पोटचा पोरगा मला तिकीट देतोय, तर मी काय आरती ओवाळू त्याला?

तुम्हीच सांगा, दोन रात्री कशाला? मी जहाजाच्या कंपनीला फोन केला – चढायचं दुपारी. घरापासून इथवर यायला दोन तास पुरतात. म्हणजे एक रात्र काढली, सकाळी चहा घेतला, गेलो बंदरावर. मग ती दुसरी रात्र? ती जास्तीची? चिरंजिवांना विचारलं तर म्हणतात, राहू द्या ना बाबा, आई दमते. मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे काय, कामाला लागलो. शेजारीण म्हणाली, तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा सामान हलवणाऱ्यांचा माणूस येऊन गेला, फूटपट्टी घेऊन. काय मोजलं? हिचं कपाट मोजलं म्हणे. कपाट! अहो, कपाट हा देखावा. त्यांचा डोळा माझ्या कागदांवर आहे. आणि ही त्यांना सामील, हेही मला कळतं – हिला खोटं बोलता येत नाही. काही लपवायचं असलं की घड्या घालत बसते. गेले पंधरा दिवस आमच्या घरातला एकही टॉवेल घडीशिवाय राहिलेला नाही.

कागद म्हणजे कात्रणं हो. बातम्या, माझ्या आणि दुसऱ्यांच्याही, सगळे गठ्ठे तारखेवार. कोसळलेल्या पुलाची चौकशी कुठवर आली होती, कुणी दाबली – आज कुणाला आठवतंय? माझ्याकडे आहे. पेपरवाल्यांनी स्वतःची जुनी दप्तरं लगद्याला घातली, पण माझ्याकडे आहे! आधी एकच खोली होती. मग मुलाची खोली रिकामी झाली, तीही भरली. मग थोडे गठ्ठे पॅसेजमध्ये – म्हणजे एका बाजूनंच, दुसरी बाजू मोकळी आहे. सूनबाई त्याला रद्दी म्हणते. तोंडावर! मी म्हणालो, बाई, तुझ्या नवऱ्याचं शिक्षण या रद्दीवर झालंय.

म्हणून माझा बेत असा, आणि इथं तुमची मदत लागेल. पहिल्या दिवशी आम्ही येऊ. दुसऱ्या दिवशी ही दुपारची पडली की मी मागच्या दारानं निघणार, टॅक्सी करणार आणि थेट घरी. ट्रक दारात उभा असतानाच गाठायचं चोरांना! ही खाली फोन करेल. तुम्ही सांगायचं, साहेब औषधाच्या दुकानात गेलेत. एवढंच. अहो, खोटं कसलं, औषधं मलाही लागतात. तुमच्याकडे मागचं दार आहे ना?

काय? घरी? घरी काय? हा वॉकर घरी कसा... तो घरी खुंटीला असतो. वापरते म्हणजे... हे बघा, पॅसेजमध्ये तो जात नाही. पाय अडकतात त्याचे गठ्ठ्यांना. ती भिंत धरून चालते. आडवी, खेकड्यासारखी, पण चालते छान, सवय झालीय तिला. एकदाच पडली ती, तिथंच, पण ते फरशी ओली होती म्हणून. बहुधा ओली होती. – नवा दिसतोय म्हणजे काय? नवाच राहणार, वापरलाच नाही तर. हो, लेबलं काढायची राहिलीत. माझी उलटतपासणी घेताय का तुम्ही? मी खोलीची चौकशी करायला आलोय!

तिला विचारलं का? बायकोला? काय विचारायचं तिला? शेजारणीला विचारलं, कंपनीला विचारलं, पोराला आडून आडून विचारलं. जिच्याबद्दल बातमी तिची बाजू घेतल्याशिवाय मी कधी एक ओळ छापायला दिलेली नाही, संपादकाशी भांडलोय त्यासाठी, पण ही काय बातमी आहे? ही घरातली...

थांबा. कुणी मागितली? जास्तीची रात्र पोरानं नाही मागितली? तिनं फोन केला होता? इथं? आणि पहिला प्रश्न काय विचारला म्हणालात – बाथरूमचा दरवाजा किती रुंद आहे. म्हणून हसत होतात मघापासून. बरं. हसण्यासारखंच आहे. पण रात्र कशाला हवी होती तिला?

‘आमच्या यांना एक गोष्ट सांगायचीय. ते आधी भांडतील, मग त्यांना एक दिवस लागतो. जहाजावर चढायच्या आधी झालेलं बरं.’ – असं म्हणाली? याच शब्दांत? हो, तिचंच आहे हे. आमचे हे. एक दिवस लागतो. मला दोन लागतात खरं तर, ती कमी सांगते.

ती दुसरी खोली पण पक्की करायची का? कुठली दुसरी? दुसरी खोली आम्ही मागितलेली नाही, तुमचा काहीतरी घोळ... जहाजावरून परत आल्यावर? महिनाभरासाठी? जवळपास भाड्याची जागा मिळेपर्यंत. किती माणसं?

एक.

म्हणजे कपाट हिचंच मोजलं. कागद नाही, हिचं कपाट. फूटपट्टीवाला बरोबर होता, शेजारीण बरोबर होती, मीच...

नाही, पाणी नको. बसायलाही नको. वर पण नको आता, असेल तुमचा दरवाजा रुंद, सगळेच असतील. तो वॉकर द्या इकडे. नाही, माणूस नको बरोबर, मी नेतो.

ती खोली? ठेवायची की रद्द करायची ते मी कसं सांगू, बाई? तिची बाजू मी अजून घेतलेली नाही. – व्हा तुम्ही पुढे, त्या मागच्या गिऱ्हाइकाचं बघा. ताटकळलाय तो.