अकरा मिनिटांत शिकलेली नायिका

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले निर्माते आणि दिग्दर्शकसाहेब, संकलन विभागातले माझे आजी-माजी सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निमित्तानं आपण सगळे इथं जमलो आहोत त्या आमच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. संकलकाला वेळ पाळा म्हणून सांगावं लागत नाही, असा आयोजकांचा समज दिसतो. आम्ही दुसऱ्यांचं बोलणं कापतो, स्वतःचं कापायची आम्हाला सवय नसते, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या आधी बोलताना दिग्दर्शकसाहेबांनी बाईंच्या पहिल्या चित्रपटाची आठवण काढली. ‘अकरा मिनिटांत सर्वशक्तिमान झालेली पोरगी’ असं ते म्हणाले आणि सभागृह हसलं. बाईही हसल्या. मी वेगळंच काहीतरी लिहून आणलं होतं. चांगलं होतं, विशेषणं भरपूर होती. तो कागद आता खिशातच राहू दे.

तरुण मंडळींनी तो चित्रपट पाहिला नसेल. अंतराळ स्थानकावर पाइप दुरुस्त करणारी एक साधी मेकॅनिक मुलगी. तिला धातूचा एक हातमोजा सापडतो. तो घातला की जड वस्तू हात न लावता हलवता येतात. मोजा घातल्यापासून अकराव्या मिनिटाला ती अख्खं यान थोपवून धरते. समीक्षकांनी विचारलं, ‘एवढी ताकद इतक्या लवकर आली कुठून?’ प्रश्न रास्त होता. सव्वीस वर्षं तो बाईंना विचारला जातोय. उत्तर मला ठाऊक होतं, माझ्याच हस्ताक्षरात माझ्या वहीत होतं.

त्या वेळी मला सहायक म्हणून बारा वर्षं झाली होती, बाईंना तीन. मुख्य संकलकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि निर्मात्यांनी चित्रपट बाईंच्या हाती सोपवला. चहाच्या टेबलावर त्यावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. ‘फार लवकर वर गेली’ हे वाक्य तिथं पहिल्यांदा कोण बोललं असेल? मीच. तेव्हा चित्रपटाचं चित्रीकरणही संपलेलं नव्हतं, म्हणजे ते नायिकेबद्दल नव्हतं हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पटकथेत ती मुलगी शिकायला महिने घेते. समोर ठेवलेला एक पाना तिला नुसत्या इच्छेनं उचलायचा असतो. प्रत्यक्षात तो बारीक तारेनं कलाविभागातला एक गृहस्थ वर ओढायचा. कधी तार तुटे, कधी त्याला शिंक येई. त्या एका प्रसंगाचे एकतीस टेक झाले. अभिनेत्री दिवसभर त्या धातूच्या मोज्यात, तिचं मनगट सोलवटून निघालेलं. आम्ही दोघांनी ते एकतीसच्या एकतीस टेक संकलनाच्या टेबलावर पाहिले, पुढे-मागे करत, आठवडाभर. मी वहीत प्रत्येकाची नोंद करत होतो.

आणि मग बाईंनी तो सगळा भाग काढून टाकला. म्हणाल्या, “किती शिकणार अजून ही? शिकली की!”

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या धंद्यात ही चूक होते. तिला एकतीस वेळा हरताना पाहिल्यावर बाईंच्या लेखी ती पोरगी घामाघूम झालेली होती, यान थोपवायची ताकद तिनं कमावली होती. प्रेक्षकानं त्यातलं एकही हरणं पाहिलेलं नाही, हे त्या विसरल्या. खरं सांगायचं तर मीही विसरलो होतो.

मग युनिटच्या घरच्यांसाठी खेळ झाला. बाकीच्यांनी शिष्टाचार म्हणून ‘छान छान’ केलं. माझी बायको शेजारी बसली होती. यान थांबलं तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, “अहो, हिला हे आधीपासूनच येत होतं का?”

झालं. मला सगळं लख्ख दिसलं. सतराव्या टेकमध्ये पाना वीतभर वर येतो आणि तिच्या पायावर पडतो. ती खाली बसते, पाय चोळते आणि पुन्हा उभी राहते. नऊ सेकंद. तेवढा तुकडा परत जोडला असता तरी भागलं असतं.

सोमवारी निगेटिव्ह कापायला जायची होती, त्यानंतर काही बदलता येत नाही. सकाळी बाईंनी मला थांबवलं. “दादा, खरं सांगा. ती फार लवकर जिंकते का हो?”

कापून काढलेल्या फिल्मच्या पट्ट्या माझ्या खांद्यामागेच टांगलेल्या होत्या. सतरा नंबर कुठला ते मला न बघता सांगता आलं असतं. मी म्हणालो, “मस्त झालंय. जाऊ द्या आता.”

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, “सांगितलंत ना त्यांना?” मी ‘हो’ म्हणालो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय.

चित्रपट पडला. पुढची पाच वर्षं बाईंना कथापट मिळाला नाही. त्यांनी साबणाच्या जाहिराती जोडल्या, आग विझवण्याचं यंत्र कसं वापरावं याच्या फिती जोडल्या. पुढचा चित्रपट मला मिळाला, आणि मुख्य संकलकांची खुर्चीही.

बाई परत आल्या, त्यानंतरचं तुम्ही पाहिलंच आहे. त्यांनी शिकवलेल्या प्रत्येकाला त्यांचा नियम पाठ आहे: चित्रपट पक्का करण्याआधी एक कोरा माणूस आणायचा, ज्यानं रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, पाहिलेले नाहीत. दाताचा डॉक्टर, लिफ्टवाला, कोणीही. आणि पडद्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायचं. दर वर्षी नव्या मुलांना हे सांगताना बाई म्हणतात, “माझ्या पहिल्या चित्रपटाला असा कोणी नव्हता. मला कोणी सांगितलं नाही.”

मी दर वर्षी तिथं मागच्या बाकावर बसून मान डोलावलेली आहे.

बाई, कोरा माणूस होता. त्यानं सांगितलंही होतं. ते तुमच्यापर्यंत मी येऊ दिलं नाही. तुम्ही लवकर वर गेला नव्हतात, तुम्ही चांगल्या होतात, आणि ते मला सोसलं नाही.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आभारी आहे. मानपानात कोणी राहून गेलं असेल, वेळही पाळली गेली नाही, तेवढं पोटात घाला. त्या सोमवारचं मात्र मी यात धरत नाही. त्याची माफी अशा घाऊक विनंतीत मागू नये, एवढं मला कळतं.

यानंतर उत्तराचं भाषण बाईंचं आहे. अध्यक्षांना माझी विनंती आहे की त्यांना वेळेची चिठ्ठी पाठवू नये. बाई, माझ्याबद्दल जे म्हणायचं ते पूर्ण म्हणा. मी इथंच, समोर बसतो.